रक्तपेढीचा फोन आणि एका घराचे आठ रिपोर्ट

रक्तदान करून नऊ दिवस झाले आणि त्याला रक्तपेढीतून फोन आला. कारण सांगितलं नाही, "एकदा प्रत्यक्ष येऊन भेटा" एवढंच. वय ३४, अंगापिंडाने ठीक, आजवर दवाखान्यात एक रात्रही न काढलेला माणूस. समुपदेशकाने समोर कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं : एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह. हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूची खूण रक्तात सापडली होती. तो पहिल्यांदा काय बोलला असेल तर, "पण मला कावीळ कधी झालीच नाही!"

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातली माणसं खरी कुणी नव्हेत. मात्र असं घर कुठेही असू शकतं, आणि तपासण्यांचे आकडे त्या त्या अवस्थेत जसे येतात तसेच ठेवले आहेत.

त्याच्या त्या पहिल्या वाक्यातच निम्मा घोळ आहे. कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन साचलं की डोळे पिवळे होतात. मग कारण विषाणू असो, पित्तनलिकेतला खडा असो की एखादं औषध. हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं शरीरात बाळगणाऱ्या बहुतेकांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. पिवळे होतात तेव्हा बरेचदा यकृत थकून गेलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५.४ कोटी लोक या विषाणूसह जगत होते, आणि त्यांपैकी जेमतेम १३ टक्क्यांनाच ते माहीत होतं. उरलेले सगळे हेच वाक्य बोलले असते.

हा माणूस सापडला तो त्याच्या स्वतःच्या तक्रारीमुळे नाही, दुसऱ्याला दिलेल्या रक्तामुळे. यामागे एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकी संशोधक बरूक ब्लूमबर्ग हे काही यकृताचे डॉक्टर नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत फरक का असतो, याचा ते शोध घेत होते. वारंवार रक्त चढवलेल्या हिमोफिलियाच्या एका रुग्णाचा रक्तद्रव ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तातल्या कुठल्याशा प्रथिनाशी जुळला, म्हणून त्या प्रथिनाला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणू लागले. हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला. ते प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचं बाहेरचं आवरण आहे, हे पुढच्या काही वर्षांत उलगडलं. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. रक्तपेढीने त्याच्या रक्तात शोधलं ते हेच आवरण. एचबीएसएजीमधला 'एस' म्हणजे हा पृष्ठभाग.

पण आवरण सापडलं एवढ्यावरून फार काही कळत नाही. संसर्ग कालचा की वीस वर्षांपूर्वीचा? विषाणू किती आहे? यकृताला ओरखडा तरी गेला आहे का? डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. अँटी-एचबीसी आयजीएम ही ताज्या संसर्गात दिसणारी अँटिबॉडी निगेटिव्ह आली, म्हणजे संसर्ग ताजा असण्याची शक्यता कमी. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी कायम राहिलं तर तो जुनाट धरतात, आणि पुढे तसंच निघालं. ई-अँटिजेन, म्हणजे विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण, निगेटिव्ह. रक्तातला विषाणूचा भार ८४० युनिट प्रति मिलिलिटर, म्हणजे अगदी कमी. एएलटी हे यकृताच्या पेशी मरू लागल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम २६, म्हणजे ठीक. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या स्कॅनवर ५.२ किलोपास्कल, म्हणजे मऊ यकृत. सोबत डी आणि सी या विषाणूंच्या चाचण्याही निगेटिव्ह. डीची चाचणी मुद्दाम केली होती. हा विषाणू परोपजीवी आहे. बीचं आवरण उसनं घेतल्याशिवाय त्याला पसरताच येत नाही, आणि दोघे एकत्र आले की यकृताची हानी झपाट्याने होते.

डॉक्टर म्हणाले, "सध्या औषध नको. दर सहा महिन्यांनी तपासणी करू. दारू पूर्ण बंद. आणि कुणी सांगितलं म्हणून कसलंही चूर्ण किंवा काढा घेऊ नका, यकृताला त्याचाही त्रास होतो." तो गोंधळला. रोग आहे आणि औषध नाही? डॉक्टरांच्या दृष्टीने त्या दिवशी ते बरोबरच होतं. फक्त तोवर त्यांच्यासमोर घरातल्या एकाच माणसाचा रिपोर्ट होता.

घरी काय झालं ते आता पाहू, कारण प्रतिबंधाच्या खऱ्या चुका घरीच होतात. त्याने स्वतःचं ताट, पेला, टॉवेल वेगळा केला. पाच वर्षांची मुलगी धावत येऊन गळ्यात पडायची. तिला तो हळूच बाजूला करू लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून घरात पाणी उकळून प्यायला सुरुवात झाली. जेवण बेचव झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा सगळा प्रकार. दूषित पाण्याने आणि अन्नाने पसरतात ते हिपॅटायटिस ए आणि ई. त्यांच्यासाठी उकळलेलं पाणी आणि धुतलेले हात हाच खरा उपाय; 'ए'वर लसही आहे. बी मात्र पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, पापा घेतल्याने, खोकल्याने तो पसरत नाही. त्या मुलीला बाजूला सारण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि या आजारात लोक स्वतःला करून घेतात त्या नुकसानांपैकी हे मला सर्वांत मोठं वाटतं.

त्याच घरात ज्याची धास्ती घ्यायला हवी होती, तिकडे मात्र कुणाचं लक्षच नव्हतं. दाढीचं एकच यंत्र तो आणि धाकटा भाऊ दोघे वापरत. ड्रॉवरमध्ये सगळ्या घराचं एक नेलकटर. आणि आईला मधुमेह, म्हणून साखर तपासायची बोटाला टोचायची पेन. आईची तपासणी चालू असली की "बघू माझी किती येते" म्हणत कुणीही त्याच पेनने बोट टोचून घ्यायचं. बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, वाळलेल्या रक्ताच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यातसुद्धा. दूषित सुई टोचल्यावर संसर्ग होण्याची शक्यता, समोरचा माणूस लसीविना असेल तर, ६ ते ३० टक्के धरली जाते. एचआयव्हीसाठी हाच आकडा ०.३ टक्के आहे. ताट वेगळं झालं होतं, पेन अजून सगळ्यांचीच होती.

समुपदेशकाने तिसऱ्या भेटीत ही यादी काढून घेतली, तीही सहज गप्पांत. "घरात रक्त लागू शकेल अशा कोणत्या वस्तू सामाईक आहेत?" असं विचारलं तर लोक नाही म्हणतात. "सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा" असं विचारलं की सगळं बाहेर येतं.

मग आला तो प्रश्न, जो अशा प्रत्येक घरात येतो : हे आलं कुठून? पत्नीने तोंडाने विचारलं नाही, पण तिच्या माहेरून फोन आले. लग्नाआधीचं आयुष्य, मित्र, प्रवास, दंडावरचा एक जुना टॅटू, सगळं उकरून झालं. त्याला काही आठवत नव्हतं आणि न आठवण्यालाच लपवाछपवी समजलं गेलं.

या प्रश्नाला वैद्यकाकडे एक बऱ्यापैकी भक्कम उत्तर आहे, आणि ते वयाच्या हिशेबात आहे. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात हा संसर्ग झाला तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो. प्रौढपणी झाला तर शंभरातल्या पाचांतही राहत नाही. बाकीच्यांचं शरीर तो स्वतःच हुसकावून लावतं. नवजात बाळाच्या प्रतिकारशक्तीला हा पाहुणा परका वाटत नाही, म्हणून ती झगडतच नाही. तेव्हा ३४ वर्षांच्या माणसात जुनाट हिपॅटायटिस बी सापडला की टॅटूकडे बोट दाखवण्याआधी पाळण्याकडे पाहावं. डॉक्टरांनी पत्नीला समोर बसवून हे सांगितलं आणि मग म्हणाले, "आता यांच्या आईंना आणि भावंडांना घेऊन या."

आई ६१ वर्षांची. "मला काय धाड भरली आहे" म्हणत आल्या. थकवा होता, पण साठी उलटली की थकवा येणारच आणि त्यात मधुमेह, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ९२ हजार, म्हणजे कमी. प्लीहा वाढलेली. यकृताचा कडकपणा १९ किलोपास्कल. सिऱ्होसिस होता, यकृत आक्रसून गाठाळ झालेलं, तरी अजून कसंबसं काम निभावणारं. मागच्या दोन वर्षांच्या मधुमेहाच्या फाइलमध्ये प्लेटलेट आधी १,२८,००० आणि मग १,०५,००० अशा उतरत गेलेल्या दिसत होत्या. कागद तिथेच होता. त्याच्याकडे साखर सोडून दुसरं काही पाहायला कुणी थांबलं नव्हतं.

त्यांना टेनोफोव्हिर ही विषाणूची वाढ रोखणारी गोळी सुरू झाली, मूत्रपिंडावर लक्ष ठेवून. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहायला एन्डोस्कोपी झाली. यकृताचा कर्करोग वेळेत सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ठरली. हे सगळं समजल्यावर त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे मीच दिलं का माझ्या लेकरांना?"

यावर 'नाही' म्हणणं खोटं ठरलं असतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. "तुम्हालाही बहुधा तुमच्या आईकडूनच आलं असेल. तुम्ही जन्मलात तेव्हा हा विषाणू कुणाला सापडलासुद्धा नव्हता." खरंच नव्हता. पहिली लस १९८१ साली निघाली, जनुकतंत्राने बनवलेली १९८६ साली. सर्व देशांनी ती बालकांच्या लसीकरणात घ्यावी असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ साली सुचवलं, आणि जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस प्रत्येक बाळाला द्यावा, ही शिफारस २००९ सालची. या आईची तिन्ही मुलं त्याआधीची. दोष कुणाचा, या प्रश्नाला इथे जागाच उरत नाही. माहेरचे फोन त्यानंतर बंद झाले. माफी मात्र कुणी मागितली नाही.

आईच्या रिपोर्टमुळे मुलाचा जुना रिपोर्ट बदलला नाही, पण त्याचं वाचन बदललं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरात सिऱ्होसिस किंवा यकृताचा कर्करोग असणं हे स्वतंत्रपणे औषध सुरू करण्याचं कारण मानलं आहे, विषाणूचा भार कमी असला तरी. 'सध्या औषध नको' याचं 'चर्चा करू' झालं. सगळे तज्ज्ञ इथे एकमुखी नाहीत. ८४० युनिट आणि मऊ यकृत असलेल्या माणसावर काही जण अजूनही नुसती नजर ठेवतील. आणि औषध घ्यायचं तर ते चार दिवसांचं नव्हे. हा विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपली मूळ प्रत गोलाकार डीएनएच्या रूपात ठेवून देतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर त्या प्रतीच्या नकला काढणारं यंत्र थांबवतात. मूळ प्रत तशीच राहते. गोळी मनाने बंद केली की विषाणू उसळतो, कधीकधी जिवावर बेतेल इतका. हिपॅटायटिस सीचं तसं नाही. त्याला लस नाही, पण बहुतेक रुग्णांत ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण जातो. बीला लस आहे, पण एकदा मुक्काम ठोकलेला बी घालवणारी गोळी अजून नाही. त्याने दोन आठवडे विचार केला आणि गोळी सुरू केली.

धाकट्या भावाचा, वय २५, रिपोर्ट गमतीचा होता. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी (संसर्ग होऊन गेल्याची खूण) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी) दोन्ही पॉझिटिव्ह. संसर्ग होऊन गेला होता आणि शरीराने तो मोडून काढला होता. कधी, ते त्यालाही ठाऊक नाही. त्याला लसीची गरज नाही. मात्र त्याने एक गोष्ट फाइलवर ठळक लिहून ठेवायची : पुढेमागे केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची वेळ आली तर हा इतिहास आधी सांगायचा, कारण झोपलेला विषाणू तेव्हा जागा होऊ शकतो.

आता बहीण. वय २९, पोटात २७ आठवड्यांचं बाळ. सगळ्यात घाईचं काम इथे होतं आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच झाली होती. तिची एचबीएसएजी तपासणी तिसऱ्या महिन्यातच झाली होती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. तो तिच्या फाइलमध्ये होता, सोनोग्राफीच्या दोन फिल्मच्या मध्ये घडी घातलेला. तपासणी लिहिणाऱ्याने तो पाहिला नव्हता, आणि तिला वाटलं होतं की काही असतं तर सांगितलं असतं. तपासणी झाली हे महत्त्वाचं नव्हे, तो कागद कुणीतरी वाचून पुढचं पाऊल उचलणं महत्त्वाचं. प्रसूतीपूर्व तपासण्यांची टक्केवारी मोजताना हा घडी घातलेला कागद 'तपासणी पूर्ण' या रकान्यातच गेला असणार.

तिचं ई-अँटिजेन पॉझिटिव्ह आणि विषाणूचा भार ९ कोटी युनिट. एएलटी फक्त १८. हे पाहून कुणीही म्हणेल, यकृत ठणठणीत आहे. आहेही. शरीर विषाणूशी भांडत नाही म्हणून पेशी मरत नाहीत आणि एन्झाइम वाढत नाही. पण रक्तात इतका विषाणू असताना जन्मलेल्या बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे तयार अँटिबॉडी) दोन्ही वेळेवर देऊनही काहींना संसर्ग होतोच. म्हणून भार २ लाख युनिटांच्या वर असेल तर गरोदरपणातच आईला टेनोफोव्हिर देतात. तिला त्याच आठवड्यात सुरू केलं. प्रसूतीपर्यंत भार काही हजारांवर आला.

राहिलेला वेळ तयारीत गेला, आणि ती बारकाईने करावी लागली. इम्युनोग्लोब्युलिन १२ तासांच्या आत द्यायचं. ऐन वेळी मिळेलच असं नाही, म्हणून आधीच मागवून योग्य तापमानात ठेवलं. फाइलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह, बाळाला जन्मतः लस अधिक इम्युनोग्लोब्युलिन, दोन वेगळ्या मांड्यांत. बाळ जन्मलं पहाटे पावणेचारला. पाळीवरच्या परिचारिकेने पान वाचलं आणि दोन तासांत दोन्ही टोचून झालं. आईने अंगावर पाजायला त्याच सकाळी सुरुवात केली. स्तनपान करायचं नाही, असं तिला दोघातिघांनी सांगितलं होतं. ते चूक आहे, दुधाने धोका वाढत नाही.

लसीसाठी जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांचा एवढा आग्रह का, याचं उत्तर तैवानकडे पाहिलं की मिळतं. तिथे १९८४ साली नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात झाली, आधी पॉझिटिव्ह मातांच्या, मग सगळ्यांच्या. त्याआधी तिथल्या मुलांत दहातल्या एकाच्या रक्तात हा विषाणू सापडे. लसीनंतर तो आकडा जवळपास शंभरात एक इतका उतरला, आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला. कर्करोग रोखणारी पहिली लस म्हणून तिचं नाव घेतात ते त्यामुळे.

बहिणीच्या नवऱ्याने नोकरीत रुजू होताना तीन डोस घेतले होते, अँटिबॉडी भरपूर होत्या. तिथे विषय संपला. रक्तदान करणाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलीची लस लहानपणीच झालेली, संसर्ग नव्हता. तिची अँटिबॉडीची पातळी घसरलेली दिसली म्हणून एक डोस जादा दिला.

त्याच्या पत्नीचं मात्र सरळ झालं नाही. ती विषाणूपासून मोकळी होती आणि लसही झालेली नव्हती. पहिला डोस लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तोवर निरोध. इथे बहुतेक जण थांबतात. तिला तिसऱ्या डोसनंतर दीड महिन्याने अँटी-एचबीएस करायला सांगितलं होतं. संरक्षण मानायला १० युनिट तरी हवेत. तिचे आले ६. लस घेणाऱ्या काही प्रौढांमध्ये असं होतं, त्यात घेणाऱ्याचा दोष नसतो. सर्वसाधारण माणसाला लसीनंतर ही चाचणी लागत नाही. पण जोडीदार पॉझिटिव्ह असेल, नोकरी रक्ताशी संबंध येणारी असेल किंवा आई पॉझिटिव्ह असलेलं बाळ असेल, तर चाचणीशिवाय 'लस झाली' म्हणणं अर्धवट आहे. तीन डोस पुन्हा दिले. दुसऱ्या फेरीनंतर पातळी १८६ आली.

बाळाची तपासणी लगेच केली नाही. जन्मतः दिलेल्या अँटिबॉडी काही महिने रक्तात असतात आणि खोटा दिलासा देतात, म्हणून नवव्या महिन्यापर्यंत थांबावं लागतं. दहाव्या महिन्यात रक्त काढलं. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस ३१०. हा घरातला आठवा रिपोर्ट. तो हातात आल्यावर आजींनी पुन्हा पुन्हा विचारलं, "म्हणजे हिच्यापर्यंत आलं नाही ना?"

दाढीची यंत्रं आता दोन आहेत, नेलकटर माणशी एक, आणि टोचायची पेन आजींच्या डब्यातून बाहेर येत नाही. त्याचं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत मिसळलं. उकळलेलं पाणी मात्र चालूच आहे. पिणं वाईट नाही, म्हणून कुणी बोललं नाही.

आजींना दोन बहिणी आणि एक भाऊ आहे. तिघांनाही तपासणी करून घ्यायला सांगितलं. भावाने केली, निगेटिव्ह आली. थोरल्या बहिणीने तारीख दोनदा पुढे ढकलली. धाकटी फोन उचलत नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरतंय.